थेंबांच्या आधीचा फोटो

४ फेब्रुवारी

खारू,

आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी आहेच, तेव्हा तेवढे घे आणि बाकीचं रागाने वाचलंस तरी चालेल. आठ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज कागदांचा गठ्ठा घेऊन बसले आहे, म्हणजे ताईचं काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. काम आहे. माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस, आणि मावशीमार्फत निरोप धाडावा तर तो तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला किती शेपट्या फुटतील याचा नेम नाही. म्हणून पत्र.

परवा मावशी फोनवर म्हणाली, "अगं, तुझ्या भावाने गोदामात ती माल उचलायची गाडी रॅकवर घातली. नशीब, मध्ये कुणी माणूस नव्हता." मी विचारलं, कुठल्या बाजूने घासली? ती म्हणाली, "बाजू कशाला हवी तुला? पंचनामा करायचाय?" मग तिनेच सांगितलं की डावीकडून, आणि दोन महिन्यांपूर्वीही एकदा डावीकडूनच. तेव्हापासून मला चैन नाही.

बावीस वर्षं तू फोर्कलिफ्ट चालवतोयस. लहानपणी दोन भिंतींच्या फटीतून हात सोडून सायकल काढायचास आणि मी किंचाळायची. तुझा अंदाज चुकणाऱ्यातला नाही. म्हणजे तुला डावीकडचं दिसत नसणार, आणि दिसत नाही हे कळतही नसणार. काचबिंदूत डोळ्यांपुढे अंधार येत नाही रे. जेवढं दिसेनासं होतं तेवढं आपलं डोकं आजूबाजूच्या रंगाने भरून काढतं आणि आपल्याला वाटतं, सगळं जागच्या जागी आहे. बाबांचं असंच झालं. हा आजार बापाकडून मुलांकडे येतो. माझे डोळे मी दर वर्षी तपासून घेते, अजून ठीक आहेत. तू एकदा तरी तपासलेस का? पैज लावते, नाही.

मी अजून त्याच रुग्णालयात आहे, तळमजल्यावर. डोळ्यांच्या आतले फोटो काढते आणि कडेकडेचं किती दिसतं ते मोजणारी बटणाची परीक्षा घेते. सध्या आमच्याकडे एका नव्या तपासणीची चाचणी चालू आहे. हाताच्या शिरेत एक सुई देतात. त्यातलं द्रव्य रक्तातून डोळ्यात जातं आणि डोळ्याच्या नसेतल्या ज्या पेशी मरायला टेकल्या आहेत, नेमकी त्यांनाच चिकटतं. माझ्या कॅमेऱ्यात मग त्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. आजवर आम्ही काचबिंदू पकडायचो तो नुकसान होऊन गेल्यावर. हे जमलं तर आधीच कळेल. आणि यात बटण नाही. पेशंटने काही दाबायचं नाही, काही सांगायचं नाही, नुसतं बसायचं.

सोबत आमच्याकडची चिठ्ठी जोडली आहे, दाखवलीस की रांगेत थांबावं लागणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर तुझ्या जवळच्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पण जा.

बाबांच्या वेळी ही सुई असती तर बरं झालं असतं. असो.

ताई

२७ फेब्रुवारी

खारू,

पत्र परत आलं नाही, म्हणजे निदान उंबरठा तरी ओलांडून आत गेलं. तू ते वाचलंस, की तसंच कपाटावर टाकलंस, हे मला कसं कळणार? लहानपणी माझ्या वह्या लपवायचास तेव्हा निदान दात काढून हसायचास तरी, म्हणजे कळायचं.

इथे काम जोरात आहे. खोलीची खिडकी काळ्या रंगाने रंगवली आहे आणि खुर्चीची गादी फाटली आहे ती गेली तीन वर्षं "उद्या" बदलणार आहेत. नर्स ती सुई चंदेरी कागदात गुंडाळून आणते, कारण उजेडाने आतलं द्रव्य खराब होतं. ती आली की सगळे पेशंट एकदम शहाण्या मुलांसारखे बसतात. सुई टोचल्यावर दोन तास थांबायचं, मग फोटो, आणखी दोन तासांनी पुन्हा फोटो. मधल्या वेळात बाकावर बसून लोक एकमेकांना आपली सगळी दुखणी सांगतात. कालच्या शिंपीणबाई तर चार तासांत एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शर्टाची कॉलर उलटवून द्यायचं कबूल करून बसल्या.

जाताना त्यांनी मला विचारलं, "किती ठिपके निघाले हो माझे?" मी म्हटलं, सांगायची परवानगी नाही. ते खरंच आहे. फोटोवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. ठिपके दुसरीकडे मोजतात, आणि मोजणाऱ्याला तो डोळा कुणाचा हे माहीत नसतं. मला तर मोजायचीच बंदी आहे. एवढी बंधनं कशासाठी, तर त्या ठिपक्यांचा नक्की अर्थ अजून कुणालाच माहीत नाही. धडधाकट माणसाच्या डोळ्यातही थोडे निघतात. दीड वर्षाने याच लोकांना पुन्हा बोलवायचं, कुणाची नजर किती कमी झाली ते बघायचं आणि मग आजच्या ठिपक्यांशी ताडून पाहायचं. शिंपीणबाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही आंधळे झालो की तुम्हाला कळणार!" आम्ही दोघी हसलो. त्या गेल्यावर मला हसू येईना.

मावशी म्हणते की गोदामात तुला आता गाडीवरून काढून नुसतं यादी तपासायला बसवलंय. हे खरं असेल तर तुझा जीव किती तडफडत असेल, मला कल्पना आहे. आणि खरं असेल तर मुळीच थांबू नकोस.

तू का थांबतोयस, तेही मला माहीत आहे. मी सांगते म्हणून. बाबांची नजर गेली तेव्हा रुग्णालयाच्या त्या बोळात जुने डॉक्टर म्हणाले होते, "थेंब नियमित पडले असते तर एवढं व्हायला नको होतं," आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. बाबा तुझ्याकडे राहायचे, रोज संध्याकाळी सात वाजता थेंब तू टाकायचास. तू म्हणालास, "मी एकही थेंब चुकवलेला नाही." भिंतीवरच्या कॅलेंडरवर तू फुल्या मारायचास, ते कॅलेंडर आणून दाखवतो म्हणालास. तेव्हा, "फुल्या काय, मागाहूनही मारता येतात," असं जे कुणी म्हणालं, ती मीच. ते तुला माहीत आहे. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते आता मला नीटसं आठवत नाही. पण तसं म्हणायला नको होतं.

चिठ्ठी हरवली असेल म्हणून दुसरी जोडली आहे.

ताई

२१ मार्च

खारू,

हे पत्र जरा जाड झालं आहे. शेवटपर्यंत वाच. नंतर फाड.

काल बटणाच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आले होते. बटणाची परीक्षा तू पाहिलेली नाहीस, म्हणून सांगते. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी एका टेकूवर, समोर मोठा पांढरा वाडगा. मधल्या पिवळ्या दिव्याकडे एकटक बघायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. सात मिनिटं एक डोळा, सात मिनिटं दुसरा. ठिणगी चमकूनही माणसाने दाबलं नाही तर मशीन तिथे काळं करतं. काचबिंदू किती पुढे सरकला ते यावरूनच ठरतं, आणि औषध पुरतंय की शस्त्रक्रिया लागणार तेही यावरूनच.

त्या गृहस्थांबरोबर त्यांचा मुलगा होता. तो माझ्यामागे उभा राहून मशीनच्या पडद्याकडे बघत होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, ठिणगी चमकली की तो हळूच खोकायचा, आणि खोकला की बाप बटण दाबायचा. मी परीक्षा थांबवली. त्याला बाहेर नेऊन चांगलंच फैलावर घेतलं. पन्नाशीचा माणूस, खाली मान घालून म्हणाला, "बाबांना वाईट वाटतं हो. मागच्या वेळी दोन दिवस जेवले नाहीत."

मी आत येऊन कागदावर "परीक्षा रद्द" असं लिहिलं आणि सही केली.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला आठवत नाही. ते खोटं होतं. मला सगळं आठवतं.

बाबांची पहिली परीक्षा मीच घेतली होती. तुला माहीत आहे ते कसे होते. चाळीस वर्षं गणित शिकवलं, नापास हा शब्द दुसऱ्यांसाठी. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती पडले?" मी म्हटलं, मार्क नसतात यात. कागद त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतला, कोपऱ्यातलं काळं पाहिलं आणि बाकावर बसले ते उठेचनात. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला ते पाहवलं नाही, खारू.

दुसऱ्या वेळी मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि धीर द्यायला खांद्यावर हात ठेवला. त्यात काही वाईट नव्हतं, घाबरलेल्या पेशंटला आम्ही असं करतो. पण समोर पडद्यावर ठिणगी चमकली आणि बाबा दाबेनात, तेव्हा माझं बोट त्यांच्या खांद्यावर आपोआप दाबलं गेलं. त्यांनी लगेच बटण दाबलं. पुढच्या ठिणगीला पुन्हा तसंच. मशीनची काही तक्रार नव्हती, ठिणगी होती आणि बटण दाबलं होतं. कागद स्वच्छ निघाला. त्या दिवशी बाबा घरापर्यंत चालत गेले, वाटेत मला पाढे म्हणायला लावले.

वर्षातून दोनदा, चार वर्षं. आठ परीक्षा, खारू. आठही वेळा मी. दुसऱ्या कुणाची पाळी असली तरी मी मागून घ्यायची. बाबांना कळत होतं का? कळत असणार. आम्ही दोघांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मी मनाला सांगायची, एक-दोनच तर ठिणग्या. मग चार-पाच झाल्या. मग माझं बोट थांबतच नव्हतं, आणि तेव्हा सांगायची हिंमत उरली नव्हती.

जुने डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "नस जरा पोखरल्यासारखी वाटते, पण परीक्षा उत्तम आहे. मग उगाच शस्त्रक्रिया कशाला? थेंब चालू ठेवू." ते थेंब बाबांना पुरत नव्हते. तू न चुकता टाकत होतास आणि ते पुरत नव्हते. हे ज्या कागदावरून कळायचं, तो कागद मी खराब केला. शस्त्रक्रिया वेळेवर झाली असती तर थोडी तरी नजर राहिली असती, निदान घरात वावरण्यापुरती.

बोळात डॉक्टर थेंबांबद्दल बोलले तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. म्हणून मी फुल्यांबद्दल तसं बोलले. तू बायकामुलीला घेऊन गाव सोडलंस. बाबा पुढे तीन वर्षं माझ्याकडे होते. दारावर टकटक झाली की विचारायचे, "खारू आला का?" मी म्हणायची, नाही आला. का नाही आला, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते गेले त्या दिवशी तू आलास, फाटकाबाहेर उभा राहिलास आणि तसाच परत गेलास. तेव्हाही मी गप्प राहिले.

तू एकही थेंब चुकवला नव्हतास. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माफी मागायचं मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. एवढंच म्हणते की माझ्यावरच्या रागापायी स्वतःचे डोळे घालवू नकोस. तुझी परीक्षा मी घेणार नाही, मी त्या खोलीतही नसेन.

ताई

६ एप्रिल

खारू,

तुझ्याकडून काहीच नाही. ठीक आहे. माझ्या बाजूने काय केलं ते फक्त कळवते.

मावशीला सगळं सांगितलं. तिने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे आठ वर्षं मी त्या पोराला बोलत होते ते?" मी म्हटलं, ते सगळं चुकीचं होतं. "आधी नाही का सांगायचंस! मी साऱ्या गोतावळ्यात सांगून बसलेय!" मग रडली. मग म्हणाली की आता एकेकाला फोन करून परत सांगते. ती ते करील याबद्दल मला शंका नाही. तिने आधी जेवढ्या आवडीने सांगितलं तेवढ्याच आवडीने लोक आता ऐकतील की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, ज्या ही चाचणी चालवतात. त्या वेळी त्या इथे नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आणखी कुणाच्या बाबतीत?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण बटणाच्या खोलीत आता जाऊ नका." वीस वर्षांच्या परीक्षांचे कागद पुन्हा काढून बघणार आहेत. मला फक्त कॅमेऱ्यावर ठेवलं आहे. कॅमेऱ्यात बोट घालायला जागा नाही. बरोबरच केलं त्यांनी, मला राग नाही. म्हणजे पहिले दोन दिवस आला होता.

मावशी म्हणते तू अजून डॉक्टरकडे गेलेला नाहीस. मी इथे रोज अनोळखी लोकांच्या डोळ्यांत बघते आणि तुझ्या डोळ्यात काय चाललंय ते मला दिसत नाही. तुला खेचून आणावं तर कुठल्या हक्काने आणू? हात बांधल्यासारखे झाले आहेत. तिसरी चिठ्ठी जोडते आहे. नर्स म्हणाली, "ताई, कोण आहे हा एवढा महत्त्वाचा माणूस?" मी म्हटलं, आहे एक.

ताई

१३ मे

खारू,

आज तू येऊन गेलास. आत्ता बसमध्ये असशील. तू घरी पोचायच्या आत मला हे लिहून टाकायला हवं, आणि टपाल सुटायच्या आत पेटीत टाकायला हवं. का, ते शेवटी सांगते.

सकाळी यादीत नुसता नंबर होता. दार उघडलं आणि तू. किती वाळलास. कानशिलं पांढरी झालीत. मी काही बोलायच्या आत तू म्हणालास, "हनुवटी कुठे ठेवायची, मॅडम?"

तू मला मॅडम म्हणालास. मी "इथे" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सुई टोचल्यावर दोन तास बाकावर बसलास, मी दोनदा चहा पाठवला, दुसरा तू घेतलास. मी येऊन शेजारी बसले तेव्हा तू उठला नाहीस, एवढ्यावरही माझा जीव भांड्यात पडला. तू म्हणालास, "पहिली दोन पत्रं मी फोडलीच नव्हती. तिसरं जाड होतं म्हणून भिंगरीने फोडलं. तिनेच वाचून दाखवली सगळी. तुझं अक्षर फार बारीक."

मी विचारलं, "कधीपासून वाचता येत नाहीये?"

"येतं. उजव्याने येतं. कंटाळा येतो."

भिंगरी सात वर्षांची होती तेव्हा तू गेलास. आता पंधराची. ते पत्र तिने मोठ्याने वाचलं, तुझ्या बायकोसमोर. मी ते लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त तू होतास. मी म्हटलं, "पोरीला काय वाटलं असेल?" तू हातातला कप बाकाखाली ठेवलास. मग म्हणालास, "तिने विचारलं, आजोबांचे थेंब तुम्ही खरंच टाकायचात ना. मी म्हटलं हो. ती म्हणाली, मग एवढी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही. मी म्हटलं, सांगितलं होतं."

तेवढ्यात नर्सने तुझा नंबर पुकारला.

डॉक्टरीणबाईंनी तुला डाव्या डोळ्याचं सांगितलंच आहे. गेलेलं परत येत नाही. वरच्या मजल्यावर दुसऱ्या मुलीने तुझी बटणाची परीक्षा घेतली, मी मुद्दाम त्या जिन्याकडेही फिरकले नाही. उजवा डोळा पूर्ण पास. म्हणून दोन्ही डोळ्यांत उद्यापासून थेंब, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बटण. थेंब उद्यापासून का, तर चाचणीसाठी औषधाच्या आधीचा फोटो लागतो. तो मी आज काढला.

डाव्या डोळ्याचा फोटो पडद्यावर आला तेव्हा नर्स माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ताई, हा किती स्वच्छ आहे! एक ठिपका नाही." ती नवीन आहे. ते द्रव्य मरायला टेकलेल्या पेशींना चिकटतं, खारू. तिथे आता मरायला कुणी उरलेलं नाही. मी तिला काही सांगितलं नाही, तू टेकूवर हनुवटी ठेवून ऐकत होतास.

मग उजवा.

आणखी दोन तासांनी दुसरे फोटोही झाले. तू खुर्चीतून उठलास, बाही खाली केलीस आणि मला विचारलंस, "काय दिसलं?"

मी म्हटलं, "सांगायची परवानगी नाही."

तू हसलास. "हे बरं जमतं तुला."

आणि दारातून जाता जाता, पाठ माझ्याकडे करून म्हणालास, "बायको संध्याकाळी कामावर असते. थेंब भिंगरी टाकणार आहे. सात वाजता." एवढं बोललास आणि गेलास. मी तुझ्यामागे धावत फाटकापर्यंत आले, तोवर बस सुटली होती.

तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, त्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आत्ताच करा. त्या म्हणाल्या, "कशाच्या जोरावर? परीक्षा पास आहे, नस चांगली आहे." मी म्हटलं, ठिपके. त्या म्हणाल्या, "ठिपक्यांचा अर्थ माहीत असता तर आपण ही चाचणी केलीच नसती." मी म्हटलं, मग वाट बघायची का? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटतं. पण वाटण्यावर चांगल्या डोळ्याला सुरी लावता येत नाही. समजा तुमचं खरं निघालं, तर ते दीड वर्षाने कळेल, आणि ते त्याच्या डोळ्यावरूनच कळेल." मी खूप भांडले. त्यांचं एकही वाक्य मला खोडता आलं नाही.

तेव्हा आता जे लिहिते ते तुझ्यासाठी नाही. हे पत्र कोण वाचतंय ते मला माहीत आहे.

भिंगरी, मी तुझी आत्या. तुझ्या बाबांना वाटलं तर हे मोठ्याने वाच, नाहीतर आधी तू एकटी वाच. हे लिहिल्याबद्दल माझी नोकरी जाऊ शकते आणि जायलाच हवी, तू त्याची काळजी करू नकोस. आज दुपारी, एकही थेंब पडायच्या आधी, मी तुझ्या बाबांच्या उजव्या डोळ्याचा फोटो काढला. त्यात पांढरे ठिपके होते. मला मोजायची बंदी आहे, पण मी मोजले. एकशे सतरा झाले, पुढे मला मोजवले नाहीत. तू पहिला थेंब टाकायच्या आधीपासून ते तिथे होते.

त्यांचा अर्थ कुणालाच माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही आणि तुझे बाबा म्हातारपणीही वर्तमानपत्र वाचत बसतील. कदाचित तू रोज सात वाजता थेंब टाकशील, एकही चुकवणार नाहीस, आणि तरी डोळा जाईल. मला तो वाचवता येत नाही. इथे कुणालाच येत नाही. पण तसं झालंच, तर कुणीतरी विचारील, थेंब कोण टाकत होतं? आणि सगळे तुझ्याकडे बघतील. कदाचित तू स्वतःच स्वतःला विचारशील.

तेव्हा हा कागद त्यांच्यापुढे ठेव. खाली मी माझं पूर्ण नाव लिहून सही केली आहे, रुग्णालयातल्या हुद्द्यासकट. तारीख वर आहे, आणि ती मागाहून घातली असं कुणी म्हणू नये म्हणून पाकिटावर टपालाचा आजचा शिक्का असेल, पाकीटही जपून ठेव.